रस्ता वर, उंबरठा खाली

मा. जिल्हाधिकारी,
जिल्हा पांढुर्णा, मध्य प्रदेश,
यांस रामाकोन्याहून



पत्र मराठीत आहे, त्याबद्दल आधी दोन शब्द. कचेरीचा कारभार हिंदीत चालतो आणि आम्हा सौसर-पांढुर्ण्याच्या लोकांचे त्यावाचून काही अडत नाही. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली तेव्हा नागपूर-वऱ्हाडचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि हा मराठी पट्टा छिंदवाड्याबरोबर मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून घरात मराठी आणि अर्जावर हिंदी हा आमचा शिरस्ता आहे. पण राज्यघटनेच्या ३५०व्या कलमानुसार गाऱ्हाणे मांडणाऱ्याला संघराज्यात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत ते मांडता येते. शिवाय हे पत्र आपल्याइतकेच आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही वाचावे अशी इच्छा आहे, आणि काही वाक्ये खरे तर त्यांच्यासाठीच आहेत.

२४ ऑगस्ट २०२३ रोजी जामसावळीला, हनुमान लोकच्या भूमिपूजनाच्या वेळी, नव्या जिल्ह्याची घोषणा झाली. ५ ऑक्टोबरला अधिसूचना निघाली आणि सौसर-पांढुर्ण्याचे लोक छिंदवाडा जिल्ह्यातून पांढुर्णा जिल्ह्यात आले. नव्या जिल्ह्याला कचेऱ्या लागतात, बंगले लागतात, जिल्हा रुग्णालय लागते, पोलीस लाईन लागते. हे सगळे पांढुर्ण्याला होईल आणि व्हायलाच हवे. त्यात कुणाचे पोट दुखण्याचे कारण नाही. माझे म्हणणे वेगळे आहे. या जिल्ह्यात उद्या जे शहर वाढणार आहे ते एकट्या पांढुर्ण्यात वाढणार नाही. ते रामाकोन्यासारख्या जागी वाढते आहे, जिथे पंचायत आहे पण वस्ती आता खेड्यासारखी राहिलेली नाही. आणि अशा जागेचा नकाशा कुठल्याच टेबलावर नसतो.

संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये जी १७ उद्दिष्टे ठरवली, त्यातले अकरावे आता सगळ्या सरकारी कार्यशाळांच्या फलकांवर असते: शहरे सर्वसमावेशक, सुरक्षित, शाश्वत करणे. त्या उद्दिष्टात शहरांच्या जोडीला ‘मानवी वस्त्या’ असेही लिहिलेले आहे. फलकावर जागा कमी पडते म्हणून की काय, तेवढा भाग गळतो. तर मी त्या गळलेल्या भागातून लिहितो आहे.

आमच्या पट्ट्यातल्या कुठल्याही कसब्यात जा, जुन्या आबादीतल्या एखाद्या गल्लीत शिरा आणि घरांच्या उंबरठ्यांकडे बघा. उंबरठा रस्त्याच्या खाली आहे. पूर्वी या घरांना रस्त्यापासून दोन-तीन पायऱ्या चढून जावे लागे. पायऱ्यांच्या बाजूला ओटा असे. ओट्यावर म्हातारी माणसे बसत, बायका तूर निवडत, कापसाच्या दिवसांत गाठोडी टेकत, शाळेतून आलेले पोर दप्तर टाकून तिथेच लवंडे. मग सीसी रोड आला. आम्हीच मागितला होता. काळ्या मातीचा चिखल ज्याने पावसाळाभर तुडवला आहे, चप्पल हातात घेऊन दवाखान्यात गेला आहे, तो सिमेंटच्या रस्त्याला नावे ठेवणार नाही. पहिला रस्ता आला तेव्हा एक पायरी गेली. काही वर्षांनी तो फुटला, म्हणून त्याच्यावरच दुसरा ओतला. दुसरी पायरी गेली. नळाची पाइपलाइन टाकायला तो मधोमध कापला, पट्टी खचली, म्हणून तिसरा थर आला आणि ओटाही रस्त्याच्या पातळीला आला.

आता पाऊस आला की रस्त्यावरचे पाणी घरात उतरते. अशाच एका घरातल्या मावशींनी दारात विटा-सिमेंटची वीतभर उंच पाळ बांधून घेतली आहे. पाण्याला अडवायचे तर पाळ हवी, आणि पाळ ओलांडायची तर गुडघे हवेत. मावशींचे गुडघे गेलेले आहेत. म्हणून त्या पाळीच्या आतल्या बाजूला एक विटांचा ठोकळा आणि बाहेरच्या बाजूला एक फरशी ठेवली आहे. बाहेरची फरशी दुचाकीवाल्यांच्या चाकाखाली येते म्हणून संध्याकाळी उचलून आत घ्यावी लागते. गव्हाची कोठी खाटेवर चढवली आहे. पावसाळ्यात त्या घरात सगळ्यांत उंच जागा धान्याला मिळते, माणसाला नाही. समोरच्याने जुने घर पाडून जोते चार फूट वर घेतले. ज्याच्याकडे पैसा आहे तो वर जातो आणि त्याच्या अंगणातले पाणीही मावशींकडे येते. म्हातारपणी गुडघ्यांनी दगा दिला की काय होते ते इथे दिसते: समावेशक वस्ती म्हणजे रॅम्पची बिले नव्हेत, पायऱ्या कुणी खाल्ल्या याचा हिशोब आहे.

हा दोष नेमका कुणाचा, असे विचारले तर गंमत अशी की कागदोपत्री कुणाचाच नाही. इस्टिमेट काढणारा लांबी, रुंदी, जाडी लिहितो. मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीत, तेवढेच मोजले जाते. जुना रस्ता उखडून मलबा वाहून नेण्याची ओळ त्यात नसते, कारण त्याने खर्च वाढतो आणि फोटोत दिसत नाही. नाली वेगळ्या मदीत, वेगळ्या वर्षी, वेगळ्या ठेकेदाराकडे. ती कधी रस्त्याच्या आधी झालेली असते म्हणून खोल जाते आणि कचऱ्याने बुजते, कधी नंतर होते म्हणून रस्त्यापेक्षा उंच बसते आणि तिच्यात पाणी शिरतच नाही. अशी कोरडी, उंच, पूर्ण झालेली नाली मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिच्यावर लोक संध्याकाळी बसतात. ओट्याची जागा तिने घेतली, एवढा तिचा उपयोग.

त्यात आता नळाचे पाणी. जल जीवन मिशनचे प्रमाण माणशी रोजचे ५५ लिटर. पाच जणांच्या घरात २७५ लिटर पाणी आले तर त्यातले बहुतेक सांडपाणी होऊन बाहेर पडणार, हे साधे गणित. पाणी आणणारी योजना एका खात्याची, पाणी नेणारी कुणाची ते ठरलेले नाही. काळ्या मातीत ते लवकर जिरतही नाही. माती फुगते आणि तोंड बंद करते. पण मार्ग नाही असे नाही. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णी गावाने घरोघर शोषखड्डे केले, उघड्या गटारी बंद केल्या, आणि डास हटले म्हणून तो ‘नांदेड पॅटर्न’ झाला. जमीन त्यांचीही काळीच. आमच्याकडे खड्डा मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा लागेल एवढेच. पंधराव्या वित्त आयोगाने पंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेलाच बांधून दिला होता, म्हणजे पैसा नव्हता असेही म्हणता येत नाही. निर्बंध नसलेला उरलेला पैसा मात्र जवळपास सगळीकडे सिमेंटकडे धावतो, कारण रस्त्याचे उद्घाटन होते. शोषखड्ड्याची फीत कोण कापणार?

गल्लीतून बाहेर पडून मोठ्या रस्त्याकडे येऊ. नागपूर-छिंदवाडा मार्गावर गाड्यांचा वेग आणि संख्या दोन्ही वाढली. संत्र्याच्या हंगामात क्रेट भरलेले ट्रक, बोरगावच्या कारखान्यांकडे पाळीला जाणारे कामगार, शनिवारी जामसावळीच्या दर्शनाला निघालेल्या गाड्या. या सगळ्यांच्या आडवे जाणारे लोक पायी असतात: शाळेची मुले, बाजाराला घाटावरून उतरलेली गोंड मंडळी, डोक्यावर टोपली घेतलेल्या भाजीवाल्या. ज्या रस्त्याने आम्हाला नागपूर जवळ आणले त्यानेच आमची समोरची बाजू लांब नेली. रस्ता बांधणाऱ्याच्या दृष्टीने आम्ही ‘आडवी रहदारी’ आहोत. आमच्या दृष्टीने तो गावातून जाणारा ट्रकांचा ओढा आहे आणि त्याला उतार नाही.

इथे एक आडवळण घेतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार होते. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, मध्ये पळसाचे झाड आणि दोन्हीकडून दगड. त्या एका दिवसासाठी शेकडो पोलीस येतात, डॉक्टरांची पथके बसतात, रुग्णवाहिका तयार असतात, ड्रोन फिरतात, जमावबंदीचा आदेश निघतो. लोक तरीही जखमी होतात, ते सोडा. मला एवढेच दिसते की प्रशासनाच्या मनात आले तर माणूस कुठे उभा राहील, दगड कुठून येईल आणि स्ट्रेचर कुठल्या वाटेने निघेल, याचा नकाशा ते बिनचूक काढू शकते. मग उरलेल्या ३६४ दिवसांत शाळा सुटताना पोरे कुठून रस्ता ओलांडतात, याचा नकाशा काढायला काय हरकत आहे? त्याला ड्रोनही लागणार नाही. शाळेच्या दारात अर्धा तास उभे राहणारा एक माणूस पुरे.

रेल्वेचेही तसेच. छोटी लाईन २०१५ च्या नोव्हेंबरअखेर बंद झाली. सातपुड्याची ती अडीच फुटी गाडी धीमी होती, पण रामाकोन्याहून सौसर, सावनेर, नागपूरचे इतवारी आणि वर छिंदवाडा असा आमचा सगळा संसार तिच्या रुळावर होता. पुढची सहा-सात वर्षे रूळ बदलण्यात गेली. एक पिढी शाळेतून कॉलेजात गेली तिने गाडी पाहिलीच नाही. २०२२ पासून इतवारी ते छिंदवाडा मोठ्या लाईनची गाडी सुरू झाली, याचा आनंद आहे. मात्र गेज बदलताना या मार्गावरची अनेक फाटके गेली आणि त्यांच्या जागी अंडरब्रिज आले. कागदावर ते सुरक्षित, कारण गाडीखाली कुणी येत नाही. पावसाळ्यात त्यात पाणी साचले की शेतात जाणारी बैलगाडी आणि दुधाच्या कॅन घेऊन निघालेली मोटारसायकल दोन्ही रुळावरूनच नेल्या जातात. मग कागदावरची सुरक्षितता कागदावरच राहते.

आणि आता नव्या जिल्ह्याचा खास आमच्या वाट्याला आलेला प्रश्न. पांढुर्णा नागपूर-इटारसी या मोठ्या मार्गावर आहे. सौसर आणि रामाकोना इतवारी-छिंदवाडा मार्गावर. हे दोन मार्ग जिल्ह्यात कुठेच एकमेकांना भेटत नाहीत. रामाकोन्याच्या माणसाला जिल्ह्याच्या गावी रेल्वेने जायचे तर नागपूरला वळसा घालायचा, नाहीतर छिंदवाडा-आमला फिरून यायचे. जुन्या जिल्ह्याचे गाव थेट रस्त्यावर आणि थेट रुळावर होते. नवे गाव त्या दृष्टीने लांब गेले. राहिली बस. राज्याचे परिवहन महामंडळ २००५ मध्ये गुंडाळले गेले तेव्हापासून इथे खाजगी बसवाल्यांच्या मर्जीवर वेळापत्रक चालते. सीमेपलीकडे सावनेरच्या बाजूला महाराष्ट्राच्या एसटीत २०२३ पासून बाईला अर्धे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरच्या माणसाला २०२२ पासून प्रवास फुकट. सवलत राज्याच्या हद्दीवर संपते. एकाच घरातल्या दोन बहिणी, एक सावनेरला दिलेली आणि एक सौसरला, वेगवेगळ्या भाड्याने माहेरी येतात. भोपाळने २०२५ मध्ये सुगम परिवहन सेवेला मंजुरी दिली आहे. त्यातले आमच्या जिल्ह्यातले मार्ग ठरवताना रामाकोना-सौसर-पांढुर्णा ही फेरी कचेरी उघडण्याच्या वेळेला पोहोचणारी आणि संध्याकाळी परत आणणारी असावी. पेन्शनच्या कामासाठी आलेल्या विधवेला मुक्कामाला नातेवाईक शोधावा लागू नये, इतपत.

नदीबद्दल थोडक्यात लिहितो, कारण तिच्याबद्दल भाषणे पुष्कळ झाली. कन्हान आमच्या जवळून वाहते आणि पुढे नागपूर जिल्ह्यात उतरते. नागपूर महानगरपालिका तिच्यातून पिण्याचे पाणी उचलते. म्हणजे आमच्या नालीत जे सोडले जाते त्याचा एक वाटेकरी नागपूरकर आहे, आणि ऑगस्ट २०२० च्या पुरासारखे वरून जे सुटते ते आधी काठावरच्या खेड्यांना झेलावे लागते. मोठ्या शहराचे स्वास्थ्य वरच्या अंगाच्या कसब्यांवर अवलंबून असते, ही गोष्ट नागपूरला २०१९ मध्ये तोतलाडोह धरण आटल्यावर नीट समजली. तेव्हा तिथे दिवसाआड पाणी देण्याची वेळ आली होती. त्यामागचा दोन राज्यांच्या धरणांचा वाद आमच्या पंचायतीच्या आवाक्याबाहेरचा आहे. काठावर कचरा न टाकणे मात्र आवाक्यातले आहे, आणि इथे मी शेजाऱ्यांकडे तोंड करून बोलतो आहे. बाजार उठल्यावर पन्न्या, सडका भाजीपाला, कोंबड्यांची पिसे हे सगळे उताराला ढकलून आपण पंचायतीच्या नावाने बोटे मोडतो. कोकणातल्या वेंगुर्ल्याचे लोक आपल्यासारखेच होते. वस्ती जेमतेम १२ हजारांच्या घरातली. तिथल्या नगरपरिषदेने कचरा घरातच वेगवेगळा घ्यायला सुरुवात केली, ओल्याचा गॅस केला, प्लास्टिक रस्त्याच्या डांबरात घातले, आणि जिथे नाक दाबून जावे लागे तो डेपो पाहायला बाहेरगावचे लोक येऊ लागले. पैशाने ते झाले नाही, रोज सकाळी मिसळलेला कचरा घ्यायला नकार देण्याने झाले. तो नकार पचवायची तयारी आपली आहे का?

आता कायद्याचे बोलतो, कारण आपल्या हातात खरे तर तेच आहे. ५ हजार वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसे आणि कामकरी पुरुषांपैकी तीन चतुर्थांश शेतीबाहेर, या कसोटीला उतरणाऱ्या गावाला जनगणना ‘सेन्सस टाऊन’ म्हणते. देशात अशी गावे २००१ मध्ये १,३६२ होती, २०११ मध्ये ३,८९४ झाली. मोजणीत शहर, कारभारात पंचायत. पथविक्रेत्यांचा २०१४ चा कायदा नगरपालिका, नगर परिषदांना लागू. पंचायतीच्या बाजारात बसणाऱ्या बाईला त्याचा आधार नाही. नगर तथा ग्राम निवेश खात्याचा विकास आराखडा आधी मोठ्या गावांचा होतो, आमचा नंबर येईपर्यंत आराखड्यात दाखवायला मोकळी जागाच उरत नाही. २०२७ ची जनगणना येईल आणि आमच्यातली आणखी काही गावे त्या रकान्यात जातील. रामाकोन्याला नगर परिषद करा, अशी मागणी मी करत नाही. घरपट्टी वाढेल आणि पाटी बदलेल, उंबरठा जिथे आहे तिथेच राहील, ही भीती रास्त आहे.

मागणी जुन्या, आधीच असलेल्या तरतुदीची आहे. घटनेच्या २४३ झेडडी कलमाने प्रत्येक जिल्ह्याला नियोजन समिती दिली आहे. पंचायती आणि नगरपालिका यांच्या योजना एकत्र करून, दोघांच्या सामाईक गोष्टी, म्हणजे जागेची आखणी, पाण्याची वाटणी, पायाभूत सोयी, यांचा एक आराखडा करणे हे तिचे काम. मध्य प्रदेशचा त्यासाठीचा कायदा १९९५ पासून आहे. जुन्या जिल्ह्यांत ही समिती म्हणजे वर्षातून एकदा याद्या मंजूर करायची बैठक, असा अनुभव बहुतेक राज्यांत आहे. पांढुर्णा नवा आहे. वाईट सवयी अजून लागलेल्या नाहीत. या समितीच्या आराखड्यात पांढुर्णा, सौसर, लोधीखेडा, मोहगाव ही नगरे जशी येतील तशी रामाकोन्यासारखी मोठी गावेही वेगळे पान घेऊन यावीत. पानावर फार काही नको. गावाची लेव्हल: कुठले घर रस्त्याच्या खाली आहे, पाणी कुठून कुठे जाते. पायी चालणाऱ्याची वाट: घर, शाळा, बाजार, बसथांबा, स्टेशन. बाजाराची जागा, तिथे बायकांसाठी पाणी असलेली मुतारी आणि रात्री आठपर्यंत जळणारे दिवे. नदीची पूररेषा, आणि तिच्या आत नवे प्लॉट पाडायला बंदी. शेवटची गोष्ट आत्ताच करावी लागेल, कारण शेतीचे प्लॉट पाडणारे लोक जिल्हा झाल्याची बातमी आपल्याआधी वाचतात.

एवढे सगळे एकदम होणार नाही, हे आम्हालाही कळते. म्हणून एकच काम मागतो, ज्याला नवा पैसा, नवा कायदा किंवा भोपाळची परवानगी लागत नाही. जिल्ह्यात यापुढे वस्तीतल्या कुठल्याही सीसी रोडला तांत्रिक मंजुरी देताना तीन गोष्टी तपासल्या जाव्यात: जुना थर काढण्याची ओळ इस्टिमेटमध्ये आहे का, दोन्ही बाजूंच्या उंबरठ्यांची उंची मोजून लिहिली आहे का, आणि नालीचा तळ रस्त्याच्या खाली आहे का. तिन्हींपैकी एकाचेही उत्तर ‘नाही’ असेल तर फाइल परत पाठवा. ठेकेदार कुरकुरेल, सरपंच भेटायला येतील, एखाद्या नेत्याचा फोनही येईल. पावसाळ्याआधी निघणाऱ्या कामांपासून हे सुरू करा, ही विनंती.

आपला,
रामाकोन्याचा एक रहिवासी